शेवटचे दोन आकडे

साहेब, तुम्ही गाडी पाहिलीच नव्हती. तीस पायऱ्या उतरून खाली यायचा तुम्हाला कंटाळा आला, आणि तरी ‘प्रत्यक्ष पाहून खात्री केली’ या ओळीखाली तुम्ही सही ठोकलीत. हे मी सगळ्यांसमोर सांगते. आणि त्या सहीच्या वर जे खोटे आहे, ते माझ्याच टोकाने झाले, हेही सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे. आता पेन्सिल कसली, अंगठ्याएवढे थोटूक. कारखान्यात माझ्या पोटात मऊ शिसे भरले. कडक शिशाच्या माझ्या बहिणी शाळांमध्ये गेल्या. मी आले वाहन नोंदणीच्या कार्यालयात, एका तपासनिसाच्या कानावर. मला ते सतत कानावर खोचून फिरत, म्हणून सगळे त्यांना ‘कानखोचे’ म्हणत. इतकी वर्षे म्हणत की नव्या माणसाला ते आडनावच वाटे.

माझे काम लिहिण्याचे नव्हते. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, कारखान्यात एक क्रमांक ठोकलेला असतो. लोखंडात चांगला खोल. कानखोचे गुडघे टेकून खाली वाकत, त्या क्रमांकावर पातळ कागदाची पट्टी दाबून धरत आणि मला आडवे धरून घासत. काळ्या जमिनीवर पांढरे आकडे उठून येत. याला ठसा घेणे म्हणतात. मग ती पट्टी गाडीच्या कागदांशी ताडून बघायची.

“पेन थाप मारेल,” कानखोचे सगळ्यांना सांगत, “पण ही नाही मारायची. लोखंडात असेल तेच दाखवेल.”

हे ऐकून मी कानावर ताठ बसत असे. त्या ताठ्याची आज लाज वाटते.

एके दिवशी सीटवाल्या मावशी आल्या. गाड्यांच्या सीटा शिवण्याचे त्यांचे दुकान होते. बोटांना सुईने घट्टे पडलेले, बोलणे सरळ. “आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांत बसले,” त्या म्हणाल्या, “पण हातात सुई घेऊन. आता एकदा स्वतःच्या गाडीत नुसतंच बसायचंय.”

त्यांच्या मनात एक जुनी परदेशी गाडी भरली होती. एका हौशी माणसाने ती स्वतःच्या नावावर जहाजाने मागवली होती. गाडी खाली अंगणात उभी होती आणि तिचे कागद मावशींच्या कापडी पिशवीत. तिकडच्या देशातली नोंदणी, ती रद्द झाल्याचा दाखला, जहाजाची पावती, सीमाशुल्क भरल्याची पावती. सोबत धाकटा भाऊ होता.

“ताई, एवढे कागद तर माझ्या लग्नालाही लागले नव्हते,” भाऊ म्हणाला. “सगळं चोख आहे. घेऊन टाक.”

“तू गप. तुझं लग्न कागद न बघता केलं, म्हणून वहिनी अजून आम्हाला ऐकवते.” मग त्या कानखोच्यांकडे वळल्या. “दादा, कागद कागदाशी जुळतात, ते मला घरी बसून कळलं. गाडीशी जुळतात का, तेवढं बघा. तोवर मी सही करायची नाही.”

मित्रांनो, माझ्या सबंध नोकरीत इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता.

कानखोचे खाली वाकले. क्रमांक अकरा आकड्यांचा. नऊ आकडे झकास उठले. शेवटचे दोन उठेनात. तिथे खाचा बुजवायचे लुकण भरून वर रंगाचे थर चढवले होते. मी घास घास घासले. नुसताच काळा डाग. रंग खरवडायला हवा होता. पण दुसऱ्याच्या गाडीचा रंग खरवडायचा तर साहेबांनी समोर उभे राहून परवानगी द्यावी लागते, असा नियम. कानखोचे पट्टी आणि कागद घेऊन तीस पायऱ्या चढून वर गेले.

साहेबांनी मान वर केली नाही. “कुठले दोन आकडे? ते सीमाशुल्काच्या पावतीवर आहेत ना?”

“आहेत, साहेब. पण ती पावतीच तर तपासायची...”

“मग बघून भर. आज फाइल संपव.”

कानखोचे जिन्यातच थांबले. पावती गुडघ्यावर ठेवली, पट्टी तिच्यावर. खोडरबराने आधीचा काळा डाग पुसला. मग पावतीवर बघून त्यांनी दोन आकड्यांची जागा कोरी राखली आणि भोवती मला हलकेच फिरवले. हुबेहूब ठसा! ज्या कागदाची परीक्षा घ्यायची, त्याच्याकडूनच उत्तर मागून घेतले. मला मोडता आले असते. मऊ शिसे मोडायला कितीसा वेळ? मी मोडले नाही.

मावशींनी सही केली.

पुढचे मी चार महिन्यांनी साहेबांच्या खोलीत, कानावर बसून ऐकले. मावशींनी त्या गाडीच्या सीटा स्वतः शिवल्या होत्या. मग नवा रंग द्यायला जुना उतरवला, आणि शेवटचे दोन आकडे वेगळेच निघाले. त्या हौशी माणसाने एकसारख्या दोन गाड्या आणल्या होत्या. शुल्क भरले एकीचे. दुसरी मोडके सुटे भाग म्हणून आत आणून पुन्हा जोडली. कागद पहिलीचे, गाडी दुसरी. तो केव्हाच कुलूप लावून गेला होता.

मावशींनी गप्प बसून रंग दिला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्या स्वतः सांगायला आल्या. आणि कार्यालयाने त्यांचीच गाडी जप्त केली.

“आमचा ठसा कागदाशी जुळतोय, बाई,” साहेब म्हणाले. “आकडे बदलले असतील तर ते नंतर. तुमच्याकडे.”

“म्हणजे मी चोर?”

साहेबांनी फाइल मिटली. भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, चल. गाडी गेली तर जाऊ दे.”

“गाडीचं नंतर बघू. हा शब्द घेऊन मी घरी जायची नाही. ती पट्टी दाखवा.”

त्यांनी पट्टी हातात घेतली, उलटी केली आणि डोळे मिटून तिच्यावर बोट फिरवले.

“साहेब, अस्तराखाली एक गाठ राहिली तरी माझ्या बोटाला लागते. ही पट्टी मागून चाचपा. नऊ आकडे बोटाला लागतात. शेवटचे दोन सपाट आहेत. हे लोखंडावरून आलेच नाहीत. कुणीतरी हातानं काढलेत.” मग त्या दारात उभ्या कानखोच्यांकडे वळल्या. “दादा, तुम्ही होता ना? तुम्ही सांगा.”

कानखोच्यांनी मला कानावरून काढले आणि खिशात टाकले. आतल्या अंधारात मला ऐकू आले, “आता नाही आठवत, मावशी.”

साहेब म्हणाले, “ठेवा ती पट्टी इथे. बघू.”

गाडी अजून जप्तीच्या आवारात उन्हात उभी आहे. मावशींना आत सोडत नाहीत. त्यांनी जाड कापडाची खोळ शिवून पहारेकऱ्याच्या हाती दिली, “सीटांना ऊन लागू देऊ नका” म्हणून. कानखोच्यांनी पेन घेतले. मी त्यांच्या खणात, सुकलेल्या शाईच्या गादीवर पडून असते. मला टोक करणारे आता कुणी नाही, आणि कुणी करावे असे मला वाटतही नाही.

मित्रांनो, मोठेपणी अशी गाडी घ्याल तेव्हा नुसते कागद वाचू नका. गाडीखाली वाका. रंग खरवडायला लावा. ठसा डोळ्यांदेखत घ्यायला लावा आणि पट्टी उलटी करून चाचपा. शिकवण म्हणून एवढेच मला ठाऊक आहे. पण ती सांगताना माझे मलाच शरमल्यासारखे होते. मावशींनी जे विचारायला हवे ते सगळे विचारले होते. नीट उत्तर आम्हीच दिले नाही.

म्हणून आता मी विचारते. साहेब, पट्टी तुमच्या टेबलाच्या खणात आहे. ती उलटी करून एकदा तरी बोट फिरवलेत का? हो की नाही, तेवढे बोला.