हणमंतरावांकडून आलेलं रिकामं ताट

दिवाळीच्या फराळाचं ताट रिकामं परत देणारा माणूस मी जन्मात बघितला नव्हता. तो शेजारच्या गिरीशनं दाखवला. नुसतं रिकामं नाही, वर धुतलेलं! अहो, आपल्यात शेजारणीचं ताट कुणी धुऊन देतं का? चिमूटभर साखर टाकावी, गुळाचा खडा टाकावा, काहीच नसेल तर तसंच खरकटं आणून द्यावं आणि गोड हसावं. ह्याच्या अंगणात सीताफळाचं झाड फळांनी वाकलेलं. एक तोडून ताटात टाकायला काय हात मोडले होते?

आमची गल्ली काचीगुड्याची. स्टेशनात गाडी शिरली की आमच्या मांडणीवरची भांडी वाजतात. भिंतीला भिंत लागून हणमंतरावांचं घर. शाळाखात्यातून रिटायर झालेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. स्वभाव असा की दूधवाला त्यांच्या दारात येऊन कुजबुजल्यासारखा "दूध" म्हणायचा. गल्लीत त्यांचं कुणाशीच पटायचं नाही, माझ्याशी तर मुळीच नाही. पण त्यांची बायको जाताना माझा हात धरून म्हणाली होती, "सुशीलाबाई, दिवाळीला ह्यांच्याकडं बघा." म्हणून फराळाचं पहिलं ताट देवाला आणि दुसरं त्यांना. ताट परत यायचं ते दोन सीताफळं घेऊन. सोबत निरोप, "लाडवात तूप कमी आहे." मी उलट निरोप धाडायची, "सीताफळात किडे आहेत." दोन्ही खोटं. पण त्याशिवाय आम्हा दोघांची दिवाळी व्हायची नाही.

गिरीश त्यांचा पुतण्या. कॉम्प्युटर शिकून आलेला. त्या वर्षांत सगळ्या हैदराबादलाच ते वेड लागलं होतं. ज्याच्या ओसरीत टेलिफोनचा बूथ नाही त्याच्या ओसरीत कॉम्प्युटरचा क्लास. गिरीशला काकांच्या दिवाणखान्यात क्लास काढायचा होता. हणमंतराव म्हणायचे, "मी मेल्यावर काढ." हे ते रोज म्हणायचे, आणि इतक्या मोठ्यानं की भिंतीपलीकडं माझा जप चुकायचा.

आता माझी सून निर्मला. गल्लीत केबल आली तेव्हा आमची वायर हणमंतरावांच्या गच्चीवरून गेली. वायरीवर कावळे बसायचे आणि खाली त्यांची धोतरं वाळत असायची. पुढचं सांगायला नको. एके दिवशी त्यांनी अडकित्ता घेऊन वायर कापली. नेमकी निर्मलाची मालिका चालू असताना. ती गच्चीवर गेली आणि ओरडली, "हा म्हातारा एकदाचा मरत का नाही!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. सून तोंडाची फटकळ आहे खरी. माझ्या घरात राहून आणखी कशी होणार?

तर लक्ष्मीपूजनाचा दिवस. दुपारी चहाच्या वेळी निर्मला ताट देऊन आली. वायरीचा राग होताच, पण तिनं ताटावर विणलेला रुमालसुद्धा नीट घातला होता. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून खलबत्त्याचा आवाज आला, तेव्हा मला बरं वाटलं. हणमंतरावांना दात नव्हते. कवळी होती, पण ती लग्नकार्याला आणि पेन्शनच्या ऑफिसात जायला. घरात असले की ती गिलासात. चकली ते पानाच्या खलबत्त्यात कुटून चमच्यानं खायचे. "चला," मी म्हटलं, "आता तूप कमी असल्याचा निरोप येईल."

दिवेलागणीला गिरीशनं अंगणाच्या भिंतीवरून ताट निर्मलाच्या हातात दिलं. तेच ते, रिकामं, धुतलेलं. मी त्याच्या आईबापाचा उद्धार करतेय तोवर पलीकडून त्याची आरोळी आली, "काका बोलत नाहीत हो!"

आम्ही धावलो. हणमंतराव आरामखुर्चीत मान टाकून बसलेले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं पापण्या उचलून बघितल्या आणि "गेलेत" म्हणाला. "हे हार्टचं वाटत नाही. पोटात काहीतरी गेलंय. पोलिसांना कळवा." मी थिजून उभी होते. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडले त्याला रडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पाडव्याला सकाळपासून आमच्या दाराची कडी वाजायला लागली. गल्लीभर वाटलेला फराळ परत येत होता! हणमंतरावांनी आमच्याच घरचं खाल्लं होतं असं पोलीस म्हणाले, गल्लीला तेवढंच पुरे झालं. समोरच्या शोभानं ताट ओट्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकली.

"मावशी, राग नका मानू. आमच्या ह्यांचं पोट नाजूक आहे."

मी रुमाल उचलला. "लाडू कुठं आहेत?"

"ते... काल संपले."

"मग मेली नाहीस ती तू?"

ती गेली तशी इन्स्पेक्टर आले. तेलुगू माणूस, चांगला उंचापुरा. निर्मलानं चहा दिला तर त्यांनी चमच्यानं ढवळला, पुन्हा ढवळला आणि बशीसकट लांब सरकवला. माझ्या घरचा चहा! माझा नवरा जिवंत असता तर त्यानं ह्यांना पाय धरून माझी माफी मागायला लावली असती.

"अम्मा, उस थाली में क्या क्या था?"

"चिवडा, चकली, लाडू, शंकरपाळे, करंजी. आणि अनारसा एक. एकच, कारण हणमंतराव त्याला नावं ठेवत नव्हते आणि मला ते खपत नव्हतं."

"थाली कौन धोया?"

"धुतलेलीच आली."

त्यांनी मान हलवली. "गिरीश साब कुछ और बोल रहे. बोले, चाचा चकली कडाकडा खा रहे थे, खाते खाते गिर गए. लोगां जमा हुए, उस गडबड में तुम्हारी बहू थाली उठा के लेके गई." मग निर्मलाकडं बघून म्हणाले, "और तुम छत पे बोली थी ना, बुड्ढा मरता क्यों नहीं?"

शोभा! दुसरं कोण सांगणार?

निर्मलाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. एरवी माझ्या एका शब्दाला दोन देणारी बाई माझ्या पाठीमागं येऊन पदराला धरून उभी राहिली. "आत्याबाई, मी काही केलं नाही. ताट त्यांनीच दिलं हो."

"ठाणे को चलना पडेगा," इन्स्पेक्टर म्हणाले.

माझा मुलगा मुकुंद सरकारी नोकर. पोलीस दिसला की उभा राहतो, बस म्हटलं तरी बसत नाही. तो म्हणाला, "आई, वकील बघू का?"

"वकील नंतर बघ. आधी पाटावर बस," मी म्हटलं. "आज पाडवा आहे. ती तुला ओवाळल्याशिवाय कुठं जाणार नाही. साहेब, तुमच्यात बायको नवऱ्याला ओवाळत नसेल, आमच्यात ओवाळते. मी हिला ह्या घरात लक्ष्मी म्हणून आणली आहे. सणाच्या दिवशी पोलिसांच्या गाडीत बसवून पाठवायला नव्हे."

तोंडानं बोलत होते, पण लक्ष दाराबाहेरच्या पोलिसांच्या गाडीकडं होतं. ती एकदा त्या गाडीत बसली असती तर परत आल्यावरही गल्लीनं तिच्या हातचं पाणी प्यायलं नसतं.

निर्मला निरांजन लावत होती तेव्हा मी मांडणीवरून ते ताट काढलं आणि अंगणात उन्हात धरलं. आणि माझ्या तोंडून अशी शिवी गेली की इन्स्पेक्टरनं मराठी जेमतेम कळत असूनही वर बघितलं.

"साहेब, इधर आओ. ये देखो."

पितळेचं ताट, दसऱ्याच्या आधी बेगम बाजारातून कल्हई करून आणलेलं, चांदीसारखं. आणि आता त्यावर ओरखडेच ओरखडे, मधून पिवळं पितळ डोकावत होतं. माझ्या घरात भांडी राखेनं आणि काथ्यानं घासतात. कल्हईच्या भांड्याला तारेची घासणी लावायची नाही हे निर्मलाला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं, आणि कसं शिकवलं ते तिलाच विचारा. "ये कोई औरत का काम नहीं," मी साहेबांना म्हटलं. "ये ऐसा आदमी धोया जो कभी कुछ धोया नहीं. चलो मेरे साथ."

हणमंतरावांच्या दारात गिरीश पांढरा कुडता घालून उभा होता. मी उंबरा ओलांडणार तोच म्हणाला, "काकू, प्लीज, चपला बाहेर. आत कॉम्प्युटर आहे."

मी बघतच राहिले. काकांचं प्रेत अजून दवाखान्यातून घरी यायचं होतं, आणि त्यांच्या आरामखुर्चीच्या जागी टेबल, टेबलावर मशीन, मशीनवर चादर. चादर त्यांच्याच पांघरुणातली.

"चपला काढते," मी म्हटलं. "देवघरासाठी ह्या घरात कुणी कधी काढायला सांगितल्या नाहीत, ह्याच्यासाठी काढू. मोरी कुठं?"

मोरी बघून शिसारी आली. मोलकरीण दिवाळीला गावी गेलेली. कपबशांचा ढीग, दुधाचं पातेलं, त्यावर मुंग्यांची रांग. कठड्यावर कोरी करकरीत तारेची घासणी, तिच्या तारांत करडी चमक अडकलेली. माझी कल्हई.

"गिरीश," मी म्हटलं, "चहाचा स्वतःचा कप विसळला नाहीस. पातेलं विसळलं नाहीस. एवढ्या खरकट्यात एकटं माझंच ताट बरं तुला घासावंसं वाटलं?"

"मी नाही घासलं काकू. वहिनींनी..."

"वहिनी काय तुझ्या मोरीत येऊन घासून गेली? बरं, ते राहू दे. काका चकली कडाकडा खात होते म्हणालास?"

"हो ना. माझ्यासमोर."

मी आत गेले. पलंगाशेजारच्या कोनाड्यात गिलास जागच्या जागी होता. तो आणून इन्स्पेक्टरच्या हातात दिला. "साहेब, चाचा इधर, दांत उधर. अब तुम बोलो, कडाकडा कैसे खाए?"

इन्स्पेक्टरनं गिलासात बघितलं. कवळी त्यांच्याकडं बघून हसत होती. त्यांनी गिलास घाईनं हवालदाराला दिला.

"म्हणजे... मी कुटून दिली," गिरीश म्हणाला. "तेच म्हणायचं होतं मला. एकच झालं ना?"

"एक कसं होईल? मग खलबत्ता कुठाय?"

त्यानं मोरीकडं बघितलं, आणि लगेच दुसरीकडं. कपबशांच्या खाली हात घालून मी खलबत्ता वर काढला. बिचाऱ्यानं ताट घासलं, पण खलबत्ता पानाचा, त्याचा फराळाशी काय संबंध असं त्याच्या डोक्यात! तळाशी चकलीचा चुरा आणि त्यात पांढरी भुकटी. कडेला गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा चिकटलेला. हणमंतरावांच्या झोपेच्या गोळ्या. आमच्याच मुकुंदनं गौलीगुड्याच्या दुकानातून त्यांना आणून दिल्या होत्या.

गिरीश कॉम्प्युटरच्या रिकाम्या खोक्यावर मटकन बसला. खोकं दबलं.

"मला त्यांना मारायचं नव्हतं," तो रडायला लागला. "लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त होता. मशीन मुहूर्तावर बसवायचं होतं. ते बसवू देत नव्हते. म्हटलं, संध्याकाळभर झोपतील. रोजची एक गोळी त्यांना पुरत नव्हती, म्हणून जरा जास्त कुटल्या. आवाज देऊन बघितला तर ते हलेनात. श्वासाला घरघर लागली. मी घाबरलो हो काकू. चुरा ताटात घालून दिला होता, तिथं भुकटी दिसत होती..."

"म्हणून धुतलंस."

"हो."

"घरघर चालू होती तेव्हा."

इन्स्पेक्टरनं हवालदाराला खूण केली. खलबत्ता रुमालात बांधला गेला, ताटही त्यांनी मागितलं. मी म्हटलं, घेऊन जा, पण परत द्याल तेव्हा रिकामं देऊ नका.

दारात सगळी गल्ली जमली होती. शोभा सगळ्यांत पुढं. निर्मला मुकुंदला ओवाळून तशीच हातात तबक घेऊन आली होती. इन्स्पेक्टर तिच्यापाशी थांबले, तबकातला लाडू उचलला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. अख्खा. ते बघून शोभा म्हणाली, "मावशी, आमचं ताट परत न्यायला येते मी." मी म्हटलं, "चिवड्याचं बघू. लाडू संपले."

गिरीशला सीताफळाच्या झाडाखालून नेत होते. मी हवालदाराला थांबवलं. फळं पिकून फुटायला आली होती. ह्या वर्षी त्यांना नावं कोण ठेवणार? मी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"गिरीश, वर बघ. कोर्ट तुला काय द्यायचं ते देईल, माझं ऐकून जा. गोळ्या कुटल्यास तेव्हा तू गाढव होतास. गाढवाला मी माफ केलं असतं, तुझ्या काकानंही दोन शिव्या देऊन केलं असतं. पण तो खुर्चीत घरघरत होता आणि डॉक्टर कोपऱ्यावर होता. त्याच्याकडं पळायचं सोडून तेवढा वेळ तू मोरीत बसून माझं ताट घासलंस, आणि ते माझ्या सुनेच्या हातात दिलंस. तिथं तू त्याला मारलंस. आणि मेल्या, घासायचंसुद्धा धड आलं नाही तुला. माझी कल्हई घालवलीस."