कमाई माझी, लाड धाकटीचे

मित्रांनो, वाळूजच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मागच्या भिंतीशी उभी असलेली जुनी लेथ, ती मी. फिरतं लोखंड तासून गोल करायचं, हे माझं काम. राजकोटच्या कारखान्यात घडले आणि ट्रकमध्ये बसून नानासाहेबांकडे आले. त्यांच्या पत्नीने, सुगंधाबाईंनी, मला ओवाळून आत घेतलं होतं. दसऱ्याला झेंडूचा सर्वांत जाड हार माझाच असे.

मग पेपरात रोज येऊ लागलं, जगभर गाड्यांची मागणी वाढणार. नानासाहेबांनी कर्ज काढून कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आणली. धाकटी आली! तिला काचेची खोली, तिला एसी. तिथं चपला घालून जायचं नाही. हार तिला; मला एक फूल, तेही कालचं. खरं सांगते, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

दोन हजार आठ साली परदेशातल्या मोठ्या बँका बुडाल्या. तिकडच्या लोकांनी गाड्या घेणं थांबवलं, म्हणून धाकटीने केलेले सुटे भाग कुणाला नकोसे झाले. ती गप्प झाली. मला बरंच वाटलं! मी मात्र गावोगावच्या पंपांचे दांडे, कडबाकुट्टीची चाकं दुरुस्त करत राहिले. तर काय, कमाई माझी आणि हप्ते तिचे! शिवाय बसून असूनही रोज मऊ फडक्याने तिलाच पुसायचे.

एका दुपारी नानासाहेब भंगारवाल्याला घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"मंदी अजून दोन वर्षं हटत नाय म्हणतेत. हप्ते तर भरायचेत, अन् नवी इकायला गिऱ्हाईक नाय. हिलाच वजनावर काढू."

हातातला दांडा माझ्याकडून वाकडाच तासला गेला.

"कोण म्हणतंय दोन वर्षं?" जेवणाचा डबा घेऊन आलेल्या सुगंधाबाईंनी विचारलं.

"पेपरात आलंय."

"लई वाढ व्हणार, हे बी पेपरातच आलतं ना? त्याला इचारून धाकटी आणली, आता त्यालाच इचारून थोरली इका! अन् मंग चूल कशावर पेटवायची, एसीवर?"

भंगारवाला हसला. नानासाहेब नाही हसले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे, भाऊ. चहा पिऊन जाय."

मी वाचले! आता सुगंधाबाई माझ्याजवळ येतील, असं वाटलं. पण त्या काचेच्या खोलीत गेल्या आणि धाकटीवरची चादर नीट करू लागल्या.

मित्रांनो, घरात नवं कुणी आलं की त्याचे लाड जरूर करा. पण जाता-येता थोरल्याच्या पाठीवरूनही हात फिरवा. ते मुकाट्याने काम करतं, म्हणून त्याला काही नको असतं, असं नाही.