कच्चा आवाज

कॅसेटी एकूण एक्केचाळीस. त्यातल्या तेहतीस ऐकून झाल्या आणि मला माझ्याच ड्रमचा वीट आला. विशीत आपण काय दिवे लावले, हे पन्नाशी उलटलेल्या माणसाला ऐकायला लावू नये.

हा उद्योग राजेचा. राजे म्हणजे आमच्या बँडचा गायक. वागणं तसं म्हणून नाव तसं. एका लहानशा रेकॉर्ड कंपनीला आमची सुरुवातीची रेकॉर्डिंग आणि कुठेच न आलेली गाणी काढायची आहेत. राजेने होकार दिला आणि काम माझ्या गळ्यात मारलं, कारण कॅसेटी माझ्या माळ्यावर होत्या आणि ज्यावर आम्ही रेकॉर्ड करायचो ते चार ट्रॅकचं मशीनही. बँड चालू होता तेव्हाही कामाची वाटणी अशीच असायची.

आता मी श्रवणयंत्रांच्या दुकानात लोकांचे कान तपासतो. माझा स्वतःचा डावा कान झांजांनी केव्हाच खाल्ला, पण ते गिऱ्हाइकांना सांगत नाही. कान तपासायची बंद खोली आहे, कपाटाहून जरा मोठी, भिंतींना राखाडी फोम. जेवणाच्या सुट्टीत तिथे बसून मी कॅसेटी ऐकायचो आणि वहीत लिहायचो: गाणं कुठलं, कितव्यांदा वाजवलेलं, ठेवण्यासारखं आहे का. बहुतेक ठिकाणी 'नाही' लिहिलं. डबा तसाच राहायचा.

अशात मुक्याच्या मुलीचा फोन आला. मुका आमचा गिटारवाला. चाली त्याच्या, शब्द त्याचे, पण गाणार राजे, म्हणून याला आम्ही मुका म्हणायचो. मुलगी तीन वर्षांची असताना तो अपघातात गेला.

"काका, फोटो भरपूर आहेत," ती म्हणाली. "आवाज कुठेच नाही. बाबा गाताना एकदा ऐकायचेत. पाच सेकंद असले तरी चालतील."

बघतो, म्हटलं. खरं तर काही मिळणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण पुसणारा मीच होतो. आमची पद्धतच तशी. मशीनवर चार ट्रॅक: पहिल्यावर ड्रम, दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर गिटार, चौथ्यावर आवाज. आम्ही तिघं एकत्र वाजवायचो आणि कोण कुठे आहे ते कळावं म्हणून मुका चौथ्या ट्रॅकवर कच्चा आवाज गायचा. शब्द तयार नसले तर तोंडाला येईल ते. मग राजे सवडीने उगवायचे, मी चौथ्या ट्रॅकचं लाल बटण दाबायचो आणि त्यांच्या पक्क्या आवाजाखाली मुका पुसला जायचा. प्रत्येक गाण्यात. एकदाही मनात आलं नाही की हा आवाज कोणाला तरी हवा असेल. त्या पोरीला हे कसं सांगावं, या विचाराने मला जेवण गोड लागेना.

छत्तिसावी कॅसेट आमच्या त्यातल्या त्यात गाजलेल्या गाण्याची. त्यात मध्येच ड्रम थांबतात, दहा-बारा सेकंद नुसती गिटार आणि राजे. लोक या शांततेचं फार कौतुक करतात. खरी गोष्ट अशी की माझ्या हातातून काठी सुटून टायरांच्या ढिगामागे गेली होती. आम्ही टायरच्या गोदामात सराव करायचो. मुका तेव्हा म्हणाला, "राहू दे असंच, छान वाटतंय." ते वाक्य मी पंचवीस वर्षं पदकासारखं मिरवलं.

कंपनीला प्रत्येक ट्रॅक सुटा हवा होता, म्हणून बाकीचे तीन बंद करून मी फक्त ड्रम लावले. काठी पडली. आणि त्या रिकाम्या जागेत, माझ्या ड्रमच्या माइकमध्ये, लांबून कोणीतरी गात होतं. मुका माझ्या शेजारीच उभा राहून गायचा. चौथा ट्रॅक मी पुसला होता, पण पहिल्यावरही तो थोडा सांडला होता. मी उजव्या कानावर हेडफोन दाबून पुन्हा ऐकलं, आणि मग त्याच्या मुलीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. तिला खोलीत बसवलं, हेडफोन दिले, मी मशीनपाशी दारात उभा राहिलो. राजे जिथे नदी आणि नाव वगैरे गातात, तिथे त्याच चालीवर तिचा बाप गात होता:

"चार वाजले रे, पोरगी उठली असेल, सोडा की मला घरी."

तिने चार वेळा ऐकलं. रडली नाही. मग विचारलं, तेव्हा ती केवढी होती. सहा महिन्यांची, मी सांगितलं.

"मग सोडलंत त्यांना?"

हो म्हणणं सोपं होतं. तपासायला कोण होतं?

"नाही," मी म्हणालो. "तो राहू दे म्हणत होता. चूक माझी होती, ती मला दुरुस्त करायची होती. आणखी अकरा वेळा वाजवायला लावलं. सगळी पहिल्यापेक्षा वाईट. शेवटी हेच ठेवलं. तोवर रात्रीचे आठ वाजले."

ती हेडफोनच्या वायरशी चाळा करत राहिली. मला वाटलं उठून जाईल.

"आई अजून म्हणते, त्यांचा पाय घरात ठरायचा नाही. आम्ही दोघी आहोत हेच ते विसरायचे." तिने माझ्याकडे पाहिलं. "तिला उद्या घेऊन येऊ?"

वहिनींना मी अंत्यविधीनंतर तोंड दाखवलेलं नाही.

"घेऊन ये," मी म्हणालो. "उशीर कोणामुळे व्हायचा, ते मी सांगतो त्यांना."