नाव काढलं तरी

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, तेव्हा धाकटीने तिच्यावर आपली पर्स ठेवली आणि ती टेबलाला लागून उभी राहिली.

"बसा ना, ताई."

"बसता आलं असतं तर इथे कशाला आले असते?"

मग डॉक्टरही नीट बसले नाहीत, खुर्चीच्या कडेवर नुसते टेकले. घरातल्या दोन सुनांमधली ती धाकटी, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. वयाने ती पन्नाशीला आली होती. ऑपरेशनच्या आधी ती शाळेची बस चालवायची. तिसऱ्या बाळंतपणानंतर अंग बाहेर यायला लागलं, वाकणं-उचलणं अवघड झालं आणि याच डॉक्टरांकडे तिचं ऑपरेशन झालं. तेव्हा त्यांची एक चाचणी चालू होती. निम्म्या बायकांना आत बारीक जाळी बसवायची, निम्म्यांना नुसते टाके घालायचे आणि कोणाचं बरं होतं ते काही वर्षं बघायचं. धाकटीच्या वाट्याला जाळी आली. अंग आत राहिलं, पण बसलं की आत कोणीतरी काच फिरवतंय असं व्हायचं. बस सुटली. आता ती शहर बसच्या डेपोतल्या खिडकीशी उभी राहून चालकांच्या पाळ्या लावत असे.

दुसऱ्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी या चाचणीची सगळी माहिती मागितली होती. ठिकठिकाणच्या अशा चाचण्या एकत्र करून, जाळीमुळे किती जणींना दुखतं हे त्यांना शोधायचं होतं. हॉस्पिटलने नकार दिला. बायकांना ते आवडणार नाही, असं कारण दिलं, हे धाकटीला चाचणीच्या सिस्टरकडून कळलं होतं.

"कुठल्या बायकांना विचारलंत?" तिने विचारलं.

डॉक्टर बराच वेळ बोलले. विश्वासाने दिलेली उत्तरं, नवरा-बायकोतल्या गोष्टी, आपली जबाबदारी. आवाज अगदी मऊ, वाईट बातमी सांगताना नातेवाइकांसमोर लावतात तसा.

"नावं काढूनच देणार ना?"

"हो, नावं काढूनच. तरीपण..."

"ज्यात माझं नावच नाही, ते दिल्याने माझी कसली लाज जाते? की जाणार आहे ती दुसऱ्याच कोणाची?"

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. तिने मग जे विचारायला आली होती तेच विचारलं: चाचणीचा निकाल छापून आला, त्यात तिला कोणत्या बाजूला धरलं होतं? डॉक्टरांनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाले की अंग पुन्हा खाली आलं का, एवढंच त्यात मोजलं होतं. तिचं आलं नव्हतं.

"म्हणजे मी यशस्वी."

"त्या अर्थाने, हो."

"आणि दुखतं म्हणून दर वर्षी सांगत आले, ते?"

"ते नोंदवलेलं आहे. छापलं नाही, इतकंच."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण डॉक्टर घाईघाईने म्हणाले की निर्णय त्यांच्या एकट्याचा नव्हता. समिती असते, तिच्यावर पेशंटच्याही एक प्रतिनिधी असतात आणि सगळ्यात ठाम विरोध त्यांचाच होता. नाव त्यांनी घेतलं नाही. निवृत्त मुख्याध्यापिका, एवढंच म्हणाले. तेवढं पुरेसं होतं. चाचणीतली एकच मुख्याध्यापिका धाकटीला माहीत होती. ती तिची सख्खी थोरली जाऊ होती. आधी तिचंच ऑपरेशन झालं होतं आणि मग तिनेच आग्रह करून धाकटीला इथे आणलं होतं.

तिथून ती थेट थोरलीकडे गेली. बाहेरच्या खोलीत भाऊजी मॅच बघत होते. घरच्या जेवणांत धाकटी उभ्यानेच जेवायची, तेव्हा "राष्ट्रगीत चालू आहे का गं?" हा त्यांचा ठरलेला विनोद असे. आज त्यांच्या तोंडून काही निघायच्या आत ती आत गेली.

थोरली इस्त्री करत होती. धाकटीने विचारलं, तर तिने नाकारलं नाही. हात न थांबवता म्हणाली, पोटाखालच्या गोष्टी चव्हाट्यावर आणायच्या नसतात. धाकटी मग बोलतच सुटली. सहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले नसांचं आहे, नवरा म्हणाला दुखण्याचा तुला सोसच आहे, आणि ही? ही भेटेल तेव्हा सांगायची, मनाला लावून घेऊ नकोस, माझ्याकडे बघ, मी कशी ठणठणीत आहे.

"तुमचं बरं झालं, वहिनी. तुम्हाला काय जातंय बोलायला?"

थोरलीने इस्त्रीचं बटण बंद केलं, जाऊन दार लोटून घेतलं आणि ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मलाही जाळीच होती."

दोनदा ती कापून काढावी लागली होती, दुसऱ्या शहरात. दोन्ही वेळा बहिणीकडे जाते असं सांगून ती गेली होती. सगळी निघालीच नाही. चाचणीच्या सिस्टरला मात्र तिने सगळं खरं सांगितलं होतं, अगदी ती वेगळ्या खोलीत का झोपते तेही. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. आपल्यावरचं हिचं मन उडालं, असं त्याने धरून घेतलं होतं आणि तिने धरू दिलं होतं.

"कागद बाहेर जायच्या आधी तपासायला यांच्याच खात्यात जाणार," ती म्हणाली. भाऊजी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाचे प्रमुख होते. "वय, शाळेतली नोकरी, दोनदा जाळी काढली. नाव काढलं तरी मी उरतेच ना त्यात?"

दिवसभरात कोणीतरी पहिल्यांदा खरं बोललं होतं. धाकटीला त्याचाच जास्त संताप आला.

"मग मला का वेड्यात काढलंत इतकी वर्षं?"

"तुझं खरं म्हटलं असतं, तर माझंही म्हणावं लागलं असतं."

धाकटीने पर्स उचलली. थोरली दारातून बाजूला झाली. भाऊजींनी चहाचं विचारलं, त्याला धाकटीने उत्तर दिलं नाही. रस्त्यावर आल्यावर ती मोठ्याने काहीतरी बोलत चालली होती. समोरून येणाऱ्या माणसांनी वाट सोडली, तेव्हा ते तिच्या लक्षात आलं.

त्यानंतर तिने फोन केला नाही. पुतणीच्या वाढदिवसालाही गेली नाही, नवऱ्याला एकट्याला पाठवलं. मग एका दुपारी सिस्टरचा फोन आला. थोरलीने आपणहून विषय पुन्हा काढला होता आणि समितीने माहिती द्यायचं ठरवलं होतं. ज्या बाईची इच्छा नसेल तिची वगळायची, अशी अट थोरलीने घातली. प्रत्येकीला फोन गेले. काही जणी नको म्हणाल्या. थोरलीने स्वतःची वगळायला सांगितली नव्हती. धाकटी "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावरही राग होता तिथेच होता.

त्याच आठवड्यात भाऊजी डेपोत आले. ऑफिसची वेळ असूनही आले होते आणि हातात काहीच नव्हतं. खिडकीशी उभं राहून त्यांनी घराकडे जाणाऱ्या गाडीची चौकशी केली. त्या गाडीने ते वर्षानुवर्षं जात होते. धाकटीने वेळ सांगितली. ते हलले नाहीत.

"तिने सांगितलं मला," ते म्हणाले. "म्हणजे, काय काय झालं ते सांगितलं. दुखतं कसं, ते विचारलं, तर म्हणाली, मला नाही सांगता येत. धाकटीला विचारा, तिला येतं."

त्यांना तसंच परत पाठवावं, असं धाकटीला वाटलं. तेवढा हक्क तिचा होता. भाऊजींच्या मागे दोन चालक पाळी विचारायला येऊन थांबले होते.

तिने रजिस्टर मिटलं आणि ती बाजूच्या दाराने बाहेर आली.

"एक ते दहात किती दुखतं, असं विचारतात तिथे," ती म्हणाली. "मी तुम्हाला आकडा नाही सांगणार. ऐका."

आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. कुठे दुखतं, कशाने वाढतं, रात्री कूस बदलताना काय होतं, नवरा जवळ आला की काय होतं. भाऊजींनी एकदा मागे वळून चालकांकडे पाहिलं. धाकटीने आवाज खाली आणला नाही.