न बघितलेली ताटली

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. भिंगं अजून शाबूत आहेत. डोळा लावणारं मात्र कुणी उरलेलं नाही. माझे बहुतेक भाईबंद वरून बघतात, मी खालून. प्रयोगाच्या पारदर्शक ताटलीच्या तळाला धरून जगणाऱ्या पेशी दिसाव्यात म्हणून मला मुद्दाम तसं घडवलं होतं.

प्रयोगशाळेच्या जुन्या सरांनी एक रीत घालून दिली होती. यंत्राचा आकडा घेण्याआधी पेशींची विचारपूस करायची, म्हणजे माझ्यातून बघायचं. तेव्हा माझ्यापुढे रांग लागे. माझी भिंगं सर स्वतः पुसत. मग सर निवृत्त झाले, शेजारी झटपट आकडे छापणारं नवं यंत्र आलं आणि लोक माझ्या टेबलावर स्वेटर टाकू लागले.

रीत पाळणारी एकच उरली, सरांची शेवटची विद्यार्थिनी. समुद्री शेवाळातून काढलेल्या एका साखरेवर ती काम करत होती. ही साखर गोड नसते. तिचे कण लांब साखळीसारखे जोडलेले असतात. शरीराच्या रक्षक पेशी कधी कधी उगाच चवताळतात, दाह करणारी द्रव्यं सोडतात आणि सांधे सुजतात. तिच्या थोरल्या बहिणीची बोटं अशीच सुजत. म्हणून ती ताटलीतल्या रक्षक पेशींना चिडवायची आणि साखर घालून बघायची. थोड्या साखरेनं पेशी जराशा निवत. मी पाहिलंय ते: तळाला घट्ट धरून, जिवंत, जराशा शांत.

पण ‘जराशा’ पुरेना. सरांच्या जागी आलेल्या नव्या मॅडम म्हणाल्या, “एवढ्याशा फरकाला कोण विचारतं? साखर वाढव.” तिनं पुष्कळ वाढवली.

दुसऱ्या दिवशी तिनं ताटली माझ्यावर ठेवली, दिवा लावला, तेवढ्यात बहिणीचा फोन आला. तिनं तो माझ्याशेजारी ठेवून स्पीकरवर लावला.

“अगं, शर्टाचं बटण लावायलाही नवऱ्याला हाक मारते हल्ली. तुझी साखर येईपर्यंत मी बिनबटणाचीच राहते बघ.”

हसता हसता तिनं डोळे पुसले. दारातून मैत्रीण म्हणाली, “चल गं, यंत्र मोकळं झालंय. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात काय शोधतेस?”

तिनं दिवा मालवला आणि ताटली उचलली.

मी मात्र बघितलं होतं. जास्त साखरेतल्या पेशी गोल होऊन, तळ सोडून तरंगत होत्या. मेल्या होत्या. यंत्रानं दाह जवळजवळ शून्य छापला, कारण मेलेली पेशी चिडत नाही. ताटली कचऱ्यात गेली. शोधनिबंध गाजला.

पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेनं तोच प्रयोग केला, पण आधी पेशी बघितल्या. निबंध मागे घ्यावा लागला. मॅडम एवढंच म्हणाल्या, “पेशी बघायचं काम तिचं होतं.”

ती सामान न्यायला आली तेव्हा फोन पुन्हा माझ्याशेजारी होता.

“पण थोडी साखर गुण देत होती ना गं?” बहिणीनं विचारलं.

“देत होती, ताई. आता ते कुणी ऐकून घेणार नाही.”

जाताना तिनं माझं भिंग बाहीनं पुसलं. सर रागावले असते. बाहीनं ओरखडे पडतात.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी मोडीत निघालोच आहे. फक्त सगळं शांत झालेलं दिसलं, की आनंद करण्याआधी वाकून बघा, आत कुणी जिवंत आहे का.