बेबीने फक्त मदत केली

हॉस्पिटलच्या लाँड्रीत सुपरवायझरची जागा निघाली आणि एकाच घरातून दोन अर्ज तयार झाले. एक वहिनीचा, दुसरा तिच्या नणंदेचा. नणंद चाळिशीला टेकली तरी घरात बेबी आणि लाँड्रीतही बेबीच. वहिनीला इथे चिकटवलं तेही तिनेच.

गरज दोघींनाही होती. नवऱ्याची नोकरी सुटल्यापासून घर वहिनीच ओढत होती. आणि बेबी इतकी वर्षं भावाच्या घरी मधल्या खोलीत झोपायची, जिथून रात्री पाण्याला उठणारा प्रत्येक जण तिला ओलांडून जाई. तिला स्वतःची एक खोली हवी होती.

अर्ज इंग्रजीत हवा होता. वहिनीने त्यासाठी चक्क शिकवणी लावली. तिथले मास्तर बजावायचे, "केलं, पाहिलं असलं मिळमिळीत लिहू नका. लेड लिहा, म्हणजे पुढे होऊन काम चालवलं. ऑर्गनाइझ्ड लिहा. शब्दात दम पाहिजे." वहिनीने दम भरला. बॉयलर बंद पडला त्या दिवशी सगळं काम आपण लेड केलं, असं तिने ठोकून दिलं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी वहिनी दिलेल्या जागी उभी राहून घड्या घालत होती. काम चालवलं बेबीने. वॉर्डच्या चादरी मागे ठेवून ऑपरेशनचे कपडे तिने पुढे काढले, पलीकडच्या हॉटेलच्या लाँड्रीवाल्याला फोनवर गोड बोलून पटवलं, रडकुंडीला आलेल्या बायकांना कामं वाटून दिली आणि ट्रॉल्याही स्वतःच ढकलल्या. एकही ऑपरेशन अडलं नाही. साहेब रजेवर होते, आणि आल्यावर त्यांनी विचारलंही नाही. लाँड्रीची आठवण लोकांना चादर मिळाली नाही तरच होते.

"बघ गं, चुका काढ," बेबीने आपला अर्ज वहिनीपुढे ठेवला. "माझं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद आहे."

वहिनीने वाचलं. बॉयलरच्या दिवशी काय केलं? हेल्प्ड. नव्या बायकांना शिकवलं, तिथेही हेल्प्ड. पानभर नुसती मदत. बाईने अख्खा डोंगर उचलला होता आणि लिहिलं होतं, थोडा हात लावला.

एक शब्द बदलायचा होता. पेन्सिल त्याच्यावर थांबलीही. पण हिच्या पानावर लेड आलं तर माझ्या पानाचं काय, हा विचार आला आणि वहिनीने नुसती स्पेलिंगं सुधारली. लाज वाटली तिला, नाही असं नाही. ती तिने गिळली.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली.

मुलाखतीला वहिनीला आधी बोलावलं. साहेबांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले होते.

"तुम्ही म्हणता काम तुम्ही चालवलं. नणंदबाई म्हणतात मदत केली. म्हणजे त्या तुमच्या हाताखाली होत्या?"

खोटं पकडलं जाईल ही वहिनीची भीती होती. इथे तर तिच्या खोट्याला बेबीचीच साक्ष मिळत होती.

"हो," ती म्हणाली. साहेब अजून बघतच होते, म्हणून पुढे म्हणाली, "पण मेहनती आहे हो. सांगितलं की करते."

मग बेबी आत गेली आणि लगेच बाहेर आली. चेहरा खुलला होता.

"मला फारसं विचारलंच नाही गं. म्हणाले, वहिनींनी सांगितलंय, मेहनती आहात." ती बाकावर वहिनीला खेटून बसली. "बरं झालं तू आधी गेलीस. मला कुठे बोलता येतं? माझं काम तू पाहिलंयस, तूच नीट सांगणार."

वहिनीला तिच्याकडे बघवेना.

"दादाला सांगू नकोस एवढ्यात," बेबी हळूच म्हणाली, "पण मी एक खोली बघून ठेवलीय. लहानशीच आहे. दाराला आतून कडी आहे. तू येशील ना बघायला?"

"येईन," वहिनी म्हणाली.