काळ्या पिल्लांची टोपली

थनोमच्या घरात तांब्याच्या रंगाचं एकच मांजर उरलं होतं, आणि तोही म्हातारा बोका. नाव थोंग. अंगावर वेगळ्या रंगाचा एक केस शोधून सापडायचा नाही, मिशासुद्धा तांबूस. गल्लोगल्ली हिंडणाऱ्या पिवळ्या पट्टेवाल्या बोक्यांशी त्याची तुलना केलेली थनोमला खपायची नाही. कढईत नारळाचा गूळ घट्ट व्हायला आला की जो रंग धरतो, तो थोंगचा रंग. जुने लोक या जातीला शुपलक म्हणतात, म्हणजे शुभलक्षणी. अंफवा गावातल्या आमच्या कालव्यावर ही मांजरं थनोमच्या बापाशिवाय कुणी राखली नव्हती.

बापानं मरताना नारळाची बाग दिली, ती काय, सगळेच बाप देतात. पण थनोमचा हात धरून त्यानं मागितलं ते एवढंच, की हा रंग घरातून जाऊ देऊ नकोस. मांजर विकायचं नाही, चांगल्या घरच्या लग्नात आहेर म्हणून द्यायचं, आणि तांबड्याला जोडीदार तांबडाच बघायचा. थनोमनं शब्द दिला. माणूस शब्दाचा पक्का, आणि हट्टीही तेवढाच. दोन्ही गोष्टी एकाच अंगात असल्या की घात होतो.

मग एका वर्षी मांजरांत साथ आली. ओकाऱ्या, जुलाब, की खेळ खलास. घरातल्या तांबड्या माद्या एकामागून एक गेल्या. आहेरात दिलेल्यांची चौकशी केली, तर कुठे मांजर म्हातारं होऊन मेलेलं, कुठे पळून गेलेलं, कुठे पिल्लं होऊ नयेत म्हणून त्याचं ऑपरेशन करून टाकलेलं. राहता राहिला थोंग. थनोम होडी घेऊन लांबलांब फिरला, ओळखीपाळखीच्या साऱ्यांना विचारलं, आणि हात हलवत परत आला. शेवटी त्यानं शेजारच्या समॉनमावशीची काळी मांजरी थोंगसाठी मागून आणली. म्हणाला, बापाचा रंग जोरकस आहे, पोरांत उतरल्याशिवाय राहायचा नाही.

पिल्लं झाली ती सगळी काळी. काळी म्हणजे नुसता कोळसा. पुढच्या खेपेलाही काळीच. मांजरी बदलून पाहिली, पलीकडच्या काठावरची दुसरी काळी आणली, तिनंही तेच केलं. पिल्लं हे मुद्दाम करताहेत असं थनोमला वाटायला लागलं. त्याची मुलगी रामपै बाजारात गुळाचा गाळा सांभाळायची. ती म्हणायची, बाबा, एखादं तर ठेवा, किती गोड आहेत. थनोमचं उत्तर ठरलेलं. खाण तशी माती, काळीच्या पोटी काळंच येणार, आणि असलं घरात वाढवलं तर थोंगचं रक्त आणखी पातळ होईल.

दूध सुटलं की पिल्लं टोपलीत, टोपली होडीत, आणि होडी कालव्याच्या वळणावरच्या देवळाकडे. नकोसं मांजर देवळात सोडायचं ही आमच्याकडची जुनी रीत. भिक्खूंच्या ताटातलं उरलंसुरलं त्याला मिळतं आणि सोडणाऱ्याला पाप लागत नाही. लागत नाही असं आपण म्हणतो, झालं. रामपैनं एकदा एक पिल्लू धुण्याच्या ढिगात लपवून ठेवलं होतं. थनोमनं ते शोधून काढलं आणि तिच्या हातातून ओढून घेतलं. पुढं बरेच दिवस ती बापाच्या समोर भात ठेवायची, पण बोलायची नाही.

असं वर्षानुवर्षं चाललं आणि देवळात काळ्या मांजरांचा सुळसुळाट झाला. तिथं जन्मलेली पिल्लं डोळे उघडायच्या आत घोरपडी पळवायच्या, पण थनोमची टोपली येतच राहायची. थोरले भन्ते स्वभावानं गरीब, पण त्यांनीही एकदा हसत हसत सांगितलं, की थनोम, पितरांच्या नावानं ठेवलेले मासे पितरांच्या आधी तुझी मांजरं खातात. थनोमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाच्या वर्षश्राद्धाला त्यानं जाहीर करून टाकलं, की देवळातल्या मांजरांची ऑपरेशनं करायला डॉक्टर बोलवा, खर्च माझा. वर बजावलं, की एकही सोडू नका, बोका नाही की मांजरी नाही. ते पार पडल्यावर त्यानं रीतसर पाणी ओतून ते पुण्य बापाच्या नावे केलं. घरी आला तो अगदी हलका होऊन. बोडक्याचं पुण्य!

त्यानंतर थोंग आजारी पडला. आधी खाणं सुटलं, मग नुसतं पाणी प्यायचा, मग पाण्याच्या वाटीपर्यंतही जाववेना. रामपैनं डॉक्टर बोलावली. कल्लया नाव तिचं, तरुण मुलगी, आजारी जनावरांसाठी होडीतून कालवाभर फिरणारी. तिनं थोंगला हात लावला, डोळे पाहिले, आणि मूत्रपिंडं गेली आहेत हे खोटी आशा न लावता सांगितलं. काही दिवस काढेल, ते दुखल्याशिवाय काढावेत एवढंच आता हातात. थनोमनं मान हलवली. त्याला हे ठाऊकच होतं.

निघता निघता डॉक्टर थोंगच्या पाठीवरून हात फिरवत थांबली. असा रंग तिनं फक्त चित्रात पाहिला होता. तिनं विचारलं, याची पोरं कुठल्या रंगाची झाली? थनोम म्हणाला, काळी, झाडून सगळी काळी, याच्यावर एकही गेलं नाही. डॉक्टर हसली. बिचारीला वाटलं, आपण म्हाताऱ्याला आनंदाची गोष्ट सांगतोय.

"गेलं नाही कसं, काका? पिल्लाला रंगाचे दोन वाटे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. काळा वाटा मोठ्या तोंडाचा. तो असला की तांबडा गप्प बसतो, पण मरत नाही. आता तुमचा थोंग तांबडा दिसतो, म्हणजे याच्याजवळ दोन्ही वाटे तांबडेच. दुसरं द्यायला याच्याकडे आहेच काय? मग याच्या प्रत्येक पिल्लाच्या अंगात एक तांबडा वाटा आहेच."

थनोमला पटकन उमजेना. तिनं पुन्हा समजावलं. त्या काळ्यांतला कुठलाही बोका आणि कुठलीही मांजरी एकत्र आणा, साधारण चारांत एक पिल्लू थोंगसारखं निघेल. काळी लेक थोंगलाच दाखवली असती, तर निम्मी तांबडी झाली असती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. साऱ्या मुलखात जो रंग हा माणूस शोधत होता, तो दरवर्षी टोपलीत भरून स्वतःच्या हातानं देवळात टाकून येत होता.

पण त्या घडीला थनोमला वाईट वाटलं नाही. उलट त्याचा चेहरा असा उजळला, की रामपैला ते बघवेना. तो उठून वल्हं शोधायला लागला. "सगळी देवळातच आहेत. जातो आणि दोन घेऊन येतो. थोंग जायच्या आत त्याला दाखवतो."

डॉक्टरनं विचारलं, "कुठल्या देवळात?"

"वळणावरच्या."

तिनं थोंगच्या पाठीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "काका, तिथली ऑपरेशनं मीच केली. एकही सोडलं नाही. तुमचाच निरोप होता तसा."

थनोम वल्हं हातात धरून तसाच उभा राहिला. ज्या बापासाठी आयुष्यभर धडपडला, त्याच बापाच्या नावानं त्यानं त्याच्या मांजरांचा वंश बुडवला होता, आणि वर भिक्खूंकडून आशीर्वाद घेतला होता. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात. इथं तर बैलही यानंच सोडलेला. एखादं चुकून राहिलं असेल, तो म्हणाला. आणि वल्हं घेऊन तो होडीकडे निघाला.

रामपै त्याच्याबरोबर गेली. देवळाच्या आवारात उतरल्यावर थनोमनं वाफवलेले मासे कुस्करून पसरले आणि काळी मांजरं चहूकडून धावत आली. ऑपरेशन झालेल्याच्या कानाचं टोक कापलेलं असतं. थनोम गुडघ्यांवर बसून एकेकाचा कान चाचपत गेला. कापलेला. कापलेला. हाही. मांजरं त्याच्या हाताला डोकी घासत होती. त्यांना वाटलं, हा लाड करतोय.

थोरले भन्ते त्याला बघून बाहेर आले. म्हणाले, "थनोम, तुझ्यामुळं आवारात शांतता झाली बघ. तुझ्या बापाच्या पदरात मोठं पुण्य पडलं."

थनोमनं हात जोडले. खाली बघतच विचारलं, "भन्ते, ते परत मागून घेता येतं का?"

भन्तेंना काही कळेना. रामपैनं त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. ते ऐकून भन्ते माझ्या हसण्यावारी बोललेल्या शब्दानं हे झालं, असं काहीसं पुटपुटत आत निघून गेले.

तेवढ्यात पायरीखालून एक लहानशी मांजरी बाहेर आली. तिचे दोन्ही कान शाबूत होते. थनोमनं झडप घालून तिला उचललं, छातीशी धरलं आणि रामपैला हाक मारली. हाक कसली, किंचाळलाच. रामपै धावत आली. तिनं मांजरीला अलगद उताणं केलं आणि पोटावरचे केस बोटानं बाजूला सारले. खाली टाक्यांचा बारीक वण होता. गडबडीत कान कापायचा तेवढा राहून गेला होता.

वण थनोमलाही दिसला, आणि त्यानं मांजरी परत आपल्याकडे घेतली. तो पायरीवर बसला. मांजरी त्याच्या मांडीवर वेटोळं करून बसली. ऊन तिच्या पाठीवर तिरपं पडलं, आणि काळ्या केसांत खोलवर तांबूस झाक दिसायला लागली. थनोम वाकून बघत राहिला. इतक्या वर्षांत त्यानं एकाही काळ्या पिल्लाला असं उन्हात धरून पाहिलं नव्हतं.

"बघ, बघ," तो म्हणाला. "आहे ना? बापाचा रंग आहे ना?"

कुठल्याही काळ्या मांजराचे केस उन्हानं तांबूस दिसतात, हे रामपैला माहीत होतं. "आहे, बाबा," ती म्हणाली.

तिच्या आवाजावरूनच थनोमला खरं काय ते कळलं. म्हातारा तोंडावर हात घेऊन ओक्साबोक्शी रडायला लागला, आणि मांडीवरची मांजरी भिऊन उठून गेली.